पोरं जर्मन लिहितात, पण बोलत नाहीत

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आला आहे. विचारणाऱ्या ताई काही महिन्यांपासून तिथं जर्मनचा वर्ग चालवतात. वीसेक मुलंमुली येतात; बहुतेक बारावी झालेली, काही जीएनएम म्हणजे नर्सिंगच्या मुली, दोघं-तिघं आयटीआयचे. वह्या स्वच्छ, व्याकरणाच्या चाचणीत गुणही बरे. पण बोलायची वेळ आली की सगळा वर्ग खाली मान घालून बसतो. दोन-तीन महिन्यांत मुली गळू लागतात. गावात 'जर्मनीवाले' म्हणून चेष्टा होते ती वेगळीच. ताईंनी विचारलं आहे: पुस्तक बदलू, की शिकवण्याची पद्धत बदलू?

ताई, पुस्तक राहू द्या. मी वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ या पट्ट्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते आहे आणि तुमचा वर्ग मला डोळ्यांसमोर दिसतो. पोरगं परकी भाषा बोलतं म्हणजे चार लोकांसमोर चुकायला राजी होतं. कुणासमोर चुकलं तर चालतं आणि कुणासमोर चुकलं की महिनाभर ऐकून घ्यावं लागतं, याचा हिशेब आपल्या गावातलं प्रत्येक पोरगं शाळेत पाय ठेवल्यापासून करत आलेलं असतं. तो हिशेब तुमच्या वर्गात बदलत नाही तोवर कुठलंही पुस्तक आणा, वही भरेल आणि तोंड बंद राहील.

गप्प बसायला ही मुलं तुमच्याकडे शिकलेली नाहीत. ती मराठीच्या तासाला शिकली. 'मले', 'तुले', 'काऊन', 'जाऊन रायलो' असं बोलणाऱ्या मुलाला पहिलीपासून कुणी ना कुणी सांगत आलंय की हे अशुद्ध आहे, नीट बोल. पुण्याला शिकायला गेला तर तिथं आणखी जास्त. ज्याची घरची बोली दहा-बारा वर्षं दुरुस्त केली गेली, त्यानं मनाशी एकच गोष्ट पक्की केलेली असते: खात्री असेल तरच बोलायचं. परक्या भाषेत खात्री कुठून आणायची? त्यात २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. तुमच्या वर्गातली सगळी मुलं त्यानंतरची. त्यांनी बारा वर्षं इंग्रजी लिहिलं, पासही झाली, पण त्या भाषेत शेजारच्या मुलाशी दोन वाक्यं बोलल्याचा अनुभव बहुतेकांना नाही. परकी भाषा ही लिहायची गोष्ट असते, असं शाळेनंच त्यांना दाखवलं. तुमच्याकडे ती तेच करतायत, आणि मन लावून करतायत.

अमेरिकेतल्या एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली परकी भाषा शिकताना वाटणारी धास्ती हा स्वतंत्र विषय म्हणून मांडला आणि ती मोजायला प्रश्नावलीही तयार केली. त्या मांडणीत तीन भीती आहेत: समोरच्याशी बोलण्याची, परीक्षेची आणि लोक काय म्हणतील याची. आपल्याकडे तिसरी एवढी मोठी असते की पहिल्या दोन तिच्याच पोटात जातात.

म्हणून सुरुवात वऱ्हाडीपासून करा. पहिल्या काही आठवड्यांत मी वर्गातल्या सगळ्या सूचना वऱ्हाडीत देते आणि मुलांनाही शंका वऱ्हाडीतच विचारू देते. 'इथं क्रियापद शेवटी काऊन गेलं?' असं एखादी मुलगी बेधडक विचारते, तेव्हा तिची जर्मनमध्ये बोलायची निम्मी तयारी झालेली असते. प्रमाण मराठीत शंका विचारायची म्हटली की ती आधी मनात वाक्य घासते, तेवढ्यात तास पुढं गेलेला असतो.

हसण्याच्या बाबतीत मी कडक आहे. कुणी चुकलं आणि कुणी हसलं, की मी शिकवणं थांबवते. ओरडत नाही, फक्त थांबते, आणि हसणाऱ्यानं तेच वाक्य म्हणून दाखवायचं. चुका मी बोलणं चालू असताना कधीच सुधारत नाही. कागदावर टिपून ठेवते आणि तासाच्या शेवटी, कुणाचंही नाव न घेता, तीन-चार वाक्यं फळ्यावर लिहून सगळ्यांकडून दुरुस्त करून घेते. ज्याची चूक असते त्याला कळतं, बाकीच्यांना कळत नाही. अनेक नवे शिक्षक प्रत्येक चूक जागेवर पकडतात आणि त्याला चांगलं शिकवणं समजतात. शहरातल्या, इंग्रजी माध्यमातल्या मुलांसमोर कदाचित चालत असेल. आपल्याकडे त्यानं मूल मिटतं.

एकट्यानं बोलायला लावण्याआधी एकत्र बोलू द्या. त्याची सवय आपल्या गावांत तयार आहे. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना किंवा खंजिरी भजन यांत एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उचलायची, हे मुलांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. मी संवादाचे तुकडे असेच घेते: आधी सगळे, मग निम्मे, मग चौघं, मग दोघं. आवाज आपोआप मोकळा होतो. ब्रह्मपुरी-वडसा भागात शिकवत होते तेव्हा झाडीपट्टी रंगभूमीची मदत व्हायची. तिथं दिवाळीनंतर गावोगावी मंडईच्या जत्रेत नाटकं होतात आणि पडद्याआड प्रॉम्प्टर असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून मी बोलणाऱ्या मुलाच्या मागं कागद घेऊन दुसरं मूल उभं करायला लागले. अडलं की मागून शब्द येतो. विसरलं तर अब्रू एकट्याची जात नाही. महिन्याभरात मागचं मूल नुसतं उभं असतं, कागद बघावाच लागत नाही. तुमच्या भागात नाटकाचं एवढं वेड नसलं तरी ही युक्ती चालेल.

आता पुस्तकाकडे येते, कारण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसावी आणि ती फार महत्त्वाची आहे. जर्मनचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिला धडा ओळखीचा: नाव, आडनाव, कुठं राहता, वडील काय करतात. ए-१ या सगळ्यात खालच्या पातळीच्या तोंडी परीक्षेतही तेच असतं. नाव, वय, देश, गाव, भाषा, व्यवसाय, छंद सांगायचे आणि नावाची अक्षरं सुटी करून म्हणायची. जर्मन शहरात हा सगळ्यात निरुपद्रवी धडा आहे. आपल्या गावात आडनाव सांगणं म्हणजे जात सांगणं. गावात कुठल्या बाजूला राहतोस याचं उत्तरही तेच सांगतं. पहिल्याच दिवशी वीस मुलांना गोलात उभं करून आडनावं म्हणायला लावलीत, तर तुम्ही जर्मन शिकवण्याआधी वर्गात गावाचा नकाशा काढला असं समजा. त्यानंतर कोण कुणाशेजारी बसतं ते नीट बघा.

मी पहिले दोन महिने फक्त पहिलं नाव घेते. आडनावाची अक्षरं सुटी करण्याचा सराव सगळ्यांना एकाच काल्पनिक आडनावावर देते. परीक्षा जवळ आली की प्रत्येकाला त्याच्या खऱ्या आडनावाचा सराव वेगळा बसवून देते. तोवर वर्ग एकमेकांना नावानं ओळखायला लागलेला असतो. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावते आणि दर आठवड्याला बदलते. 'मी हिच्यासोबत नाही बसत' असं कुणी म्हटलं तर कारण विचारत नाही आणि जोडीही बदलत नाही. चिठ्ठीचा निर्णय बाईंचा नसतो, त्यामुळे कुणाच्या घरी तक्रार जात नाही.

कुटुंबाचा धडा त्याहून नाजूक. यवतमाळ जिल्ह्यात तुम्ही शिकवता. तुमच्या वर्गात एखाद्या मुलीच्या वडिलांनी शेतीच्या कर्जापायी जीव दिलेला असू शकतो आणि ती कुणाला सांगत नसेल. पुस्तकातला प्रश्न सरळ असतो, वडील काय करतात? मी तो विचारत नाही. 'घरातल्या कुणाही एका माणसाबद्दल पाच वाक्यं' असं सांगते. कुणी आजीबद्दल बोलतं, कुणी धाकट्या भावाबद्दल, एकीनं गोठ्यातल्या गाईबद्दल सांगितलं आणि ते मी आनंदानं ऐकलं. व्याकरण तेवढंच होतं. सुट्टीच्या धड्यात समुद्रकिनारा आणि विमानतळ असतो. आपली मुलं सुट्टीत मामाच्या गावी जातात किंवा दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला. वेचणीवर बोलू द्या. किती किलो वेचला, किलोला काय भाव मिळाला, कोण सोबत होतं: आकडे, भूतकाळ, माणसं, सगळं येतं. हॉटेलात जेवण मागवण्याचा धडा मात्र जसाच्या तसा घ्या, तो त्यांना तिकडे लागणार आहे.

भाषांचा रकाना आला की वर्ग पुन्हा खोटं बोलतो. तुझ्या भाषा कोणत्या, तर मराठी, हिंदी, थोडं इंग्रजी. पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा मुलगा कोलामी सांगत नाही, बंजारा तांड्यावरची मुलगी गोरमाटी सांगत नाही. घरी बोलतात, बाजारात बोलतात, वर्गात लपवतात. गडचिरोलीकडे गोंडी-माडियाचं तेच, मेळघाटात कोरकूचं तेच. ही मुलं तीन-तीन, चार-चार भाषांत रोजचा व्यवहार करतात. भाषा शिकणं ही गोष्ट त्यांना तुमच्या-माझ्याहून जास्त येते, फक्त ती कुणी गुणपत्रिकेवर लिहिलेली नाही. कोलामी तर द्राविडी कुळातली. म्हणजे तो मुलगा रोज दोन वेगळ्या भाषाकुळांत ये-जा करतो. त्याला आधी एकटं विचारा, आणि तो हो म्हणाला तरच, वर्गाला दहा मिनिटं कोलामी शिकवायला सांगा. बाकीच्यांची जीभ अडखळते, तो दुरुस्त करतो. त्या दहा मिनिटांत वर्गातली उतरंड जेवढी हलते तेवढी माझ्या कुठल्याही भाषणानं हललेली मी पाहिली नाही. तो नाही म्हणाला तर विषय सोडून द्या. त्याला सगळ्यांसमोर 'आदिवासी विद्यार्थी' म्हणून उभं करणं हा पुन्हा अपमानच होतो.

बोलीबद्दल एवढं सांगतेय, त्याला परीक्षेपलीकडचं कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि सुरुवातीला १०,००० तरुणांचा आकडा जाहीर झाला. गावागावांत जर्मनचं नाव पोचलं ते तेव्हापासून. आता हे राज्य बोलीचं राज्य आहे. श्वाबिश आणि आलेमानिश या तिथल्या बोली, आणि वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं त्याच बोलतात. १९९९ पासून या राज्यानं स्वतःची जाहिरातच अशी केली होती की आम्हाला सगळं जमतं, प्रमाण जर्मन तेवढं सोडून. माझ्या एका विद्यार्थिनीनं तिथल्या पहिल्या महिन्यात कळवलं की पुस्तकातलं जर्मन फक्त बैठकीत ऐकू येतं, आजीआजोबांचं कळायला वेळ लागतो. तिनं ते पटकन पकडलं, कारण घरी एक आणि शाळेत एक हे तिला जन्मापासून माहीत होतं. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला हे आधी सांगा. तुझी बोली अडचण आहे असं त्याला आजवर ऐकवलं गेलं. तुझा कान दोन ठिकाणी ऐकायला तयार आहे, हे त्याला कुणीच सांगितलेलं नाही.

परीक्षेचीही एक सामाजिक बाजू आहे. बी-१ या मधल्या पातळीची तोंडी परीक्षा जोडीनं होते. पहिल्या भागात दोघांनी मिळून काही ठरवायचं असतं, दुसऱ्यात प्रत्येकानं एका विषयावर बोलायचं, आणि तिसऱ्यात जोडीदाराच्या बोलण्यावर मत द्यायचं व त्याला प्रश्न विचारायचा. मुलं अडकतात ती पहिल्या आणि तिसऱ्या भागात. जर्मन येत नाही म्हणून अडकत नाहीत. मोठ्यांसमोर बसून 'मला हे पटत नाही, आपण असं करू' म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं, आणि मुलानं मुलीला किंवा मुलीनं मुलाला सगळ्यांदेखत प्रश्न विचारायचा म्हणजे दोघंही लाजतात. हे मराठीत आधी करून घ्या. गावात गणपतीची वर्गणी कशी गोळा करायची, सहल रामटेकला न्यायची की ताडोब्याला, यावर दोघांनी वाद घालायचा आणि निर्णयावर यायचं. मराठीत वाद घालता आला की जर्मनमध्ये फक्त शब्द घालायचे उरतात. जपानी शिकवणाऱ्यांना वेगळी अडचण येते. तिकडच्या एन-५ ते एन-१ परीक्षेत बोलण्याचा भागच नाही, त्यामुळे न बोलता प्रमाणपत्र मिळतं आणि नोकरीच्या मुलाखतीत सगळं उघडं पडतं.

मुली गळतात याचं उत्तर वर्गात सापडणार नाही, घरी सापडेल. 'आवड राहिली नाही' असं तुमच्या नोंदवहीत लिहू नका. कॅनडात येऊन राहिलेल्या स्थलांतरित बायकांचा अभ्यास करणाऱ्या बॉनी नॉर्टन यांनी १९९५ साली दाखवून दिलं की शिकण्याची तीव्र इच्छा असलेली बाई समोर कोण आहे आणि त्या जागी आपली किंमत काय आहे यावरून बोलते किंवा गप्प राहते. इच्छा माणसाच्या पोटात असते हे खरं, पण तिला वाट द्यायची की नाही हे भोवतालची माणसं ठरवतात. आपल्या मुलींची वाट कुठं अडते ते मी सांगते. शेवटची एसटी. वर्ग साडेपाचला सुटला आणि गाडी पाचला असली, की पंधरा दिवसांत मुलगी बंद. मग मोबाइल. फोन वडिलांचा किंवा भावाचा, त्यावर बोलून पाठवलेला सराव सगळं घर ऐकतं. आणि घर भरलेलं. एकटीनं बोलायला कोपरा नाही. माझ्या काही मुली गोठ्यात जाऊन बोलत, काही वावरात. मग आत्या किंवा काकू येते: 'पोरीले एवढ्या दूर पाठोता काय? लगनाचं काय?'

यावर माझा उपाय सरळ आहे, मी आयांना वर्गात आणते. हळदीकुंकवाला बोलवा असं तुम्हाला कुणी सुचवेल. मी तसं करत नाही, कारण त्यात विधवा आई येत नाही आणि बौद्ध घरातलीही येत नाही. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला बोलवा. मुलींनी आपापल्या आईची ओळख जर्मनमध्ये करून द्यायची आणि लगेच वऱ्हाडीत सांगायची. आईला पहिल्यांदा कळतं की पोरगी रोज काय करते. भाषण ठेवू नका, गावातल्या पुढाऱ्याला बोलावू नका. बापांशी मात्र घरी जाऊन, बाजाराचा दिवस टाळून, बसून बोलावं लागतं. त्या बोलण्यात वेळ जातो आणि त्याला पर्याय नाही. वर्गाची वेळ एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवा, तुमच्या सोयीवरून नको.

ऋतूंचं थोडक्यात सांगते. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी या काळात हजेरी पडणारच. त्या दिवसांत नवा धडा घेऊ नका, आलेल्यांबरोबर बोलण्याचा सराव घ्या, म्हणजे परत येणारं मूल मागं पडलेलं नसतं. गैरहजेरीबद्दल सगळ्यांसमोर विचारू नका. उन्हाळ्यात सकाळी सातला वर्ग.

गावातली चेष्टा हा वेगळा विषय आहे आणि तिच्यामागं एक खरी भीती आहे. परदेशी पाठवतो म्हणून पैसे घेऊन गेलेले एजंट प्रत्येक तालुक्यानं पाहिले आहेत. 'जर्मनीवाले' म्हणून हसणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा तेच असतं. त्याला उत्तर म्हणून खरं काय ते स्वच्छ सांगा, पालकांना लिहून द्या. ए-१ च्या प्रमाणपत्रावर नोकरी लागत नाही. तिकडे प्रशिक्षणासह काम शिकण्यासाठी बहुतेक ठिकाणी बी-१ मागतात. परिचारिका म्हणून मान्यता हवी तर साधारणपणे त्याच्या वरची बी-२. शून्यापासून बी-१ पर्यंत ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, बी-२ ला ६०० ते ८००. चार महिन्यांत सगळं करून देतो म्हणणाऱ्याकडून लांब राहा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याची नोंदणी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे असावी लागते, ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर ती तपासता येते, आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. हे सगळं तुमच्या तोंडून पहिल्या दिवशी ऐकलेला बाप तुमच्यावर विश्वास ठेवतो, कारण आजवर त्याला कुणी अवघड बाजू सांगितलेली नसते. आणि तुम्ही स्वतः कुणा एजंटाकडून मुलामागं पैसे घेत असाल, तर ते आजच बंद करा. गावाला ते कळतंच.

'आपल्याले काय करायचं परदेशाचं' म्हणणारी म्हातारी माणसं मात्र वेगळी. त्यांच्याशी वाद नको. मोझरीचे तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते, याची त्यांना आठवण करून द्या. ती त्यांना अभिमानाची गोष्ट आहे. बौद्ध वस्तीत तर परदेशाशी नातं सांगावंच लागत नाही. जपानहून आलेले भदंत सुरेई ससाई नागपूरचेच झाले, कामठीचं ड्रॅगन पॅलेस जपानी मदतीनं उभं राहिलं, हे घराघरांत माहीत आहे. त्या घरातली मुलं परक्या भाषेकडे कमी बिचकत येतात, असं मी पाहिलं आहे.

मुलांना परकी माणसं भेटवा, पण कुठली ते निवडून. व्हिडिओ कॉलवर झरझर बोलणारा जर्मन माणूस दाखवलात तर वर्ग आणखी दबतो. आपल्यासारखंच चाचपडणारं माणूस हवं. यवतमाळहून वर्धा दीड-दोन तासांवर आहे. तिथं १९९७ पासून महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, आणि तिथं परदेशी विद्यार्थी हिंदी शिकायला येत आले आहेत. आपल्या मुलांना त्यांच्याशी हिंदीत बोलू द्या. शिकलेलं, मोठं, गोरं किंवा चिनी माणूस 'मेरा किताब' म्हणतं, आपली मुलगी हळूच 'मेरी' म्हणते, आणि तो माणूस हसून आभार मानून पुढं बोलू लागतो. चूक झाल्यावरही पुढं बोलत राहणारं मोठं माणूस आपल्या मुलीनं बहुतेक पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७० च्या दशकात गेले तेव्हा ते डॉक्टर होते आणि माडियाचे विद्यार्थीही होते. त्यांना ती भाषा आजूबाजूच्या माडिया माणसांकडूनच शिकावी लागली. हे मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगते.

तुमच्या वर्गासाठी आता काय करायचं, तर पुढचे चार आठवडे व्याकरणाची चाचणी बंद ठेवा. वऱ्हाडीत शंका, एकत्र म्हणणं, मागं कागद घेऊन उभं राहणारा जोडीदार, चिठ्ठ्यांच्या जोड्या, एवढंच करा. गळालेल्या मुलींच्या घरी याच आठवड्यात जाऊन या. त्यांना परत येण्याचं निमित्त लागतं आणि ते त्या स्वतः मागणार नाहीत. परीक्षेला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागेल तेव्हा कुणालाही एकटं पाठवू नका. मुलं बी-१ ला बसतील तेव्हा ध्यानात ठेवा की तिथले चार भाग वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, म्हणजे एका भागात राहिलेली मुलगी नापास नसते, तिचा एक भाग बाकी असतो. घरी हेच शब्द वापरायला तिला सांगा. आणि पुढच्या खेपेला नव्या मुली निघतील तेव्हा हिलाच त्यांच्यासोबत पाठवा. रात्रीची ट्रॅव्हल्स कुठं थांबते, केंद्रावर ओळखपत्र कुठं दाखवायचं, तोंडीच्या खोलीत किती माणसं असतात, हे तिला माहीत असतं, आणि ती सोबत आहे म्हटलं की बाप नाही म्हणत नाही.